ग्वाल्हेरच्या छत्र्या, कबरी आणि तळघरं: दोन दिवसांत काय बघावं

प्रश्न पुण्याच्या एका गृहस्थांचा आहे. मामेबहिणीच्या मुलाच्या लग्नाला ते ग्वाल्हेरला येतायत आणि लग्नाआधी दोन दिवस मोकळे आहेत. जुन्या कबरी, समाध्या, कैदखाने, फाशीच्या जागा बघायची त्यांना आवड आहे. विचारतात की नेमकं कुठे जावं, तिथे फोटो काढले तर चालतात का, आणि लग्नघरातून उठून अशा ठिकाणी निघालं की सासूबाई नाक मुरडतात, त्यावर काही तोडगा आहे का.

मी इथल्या लश्कर भागातलाच. पाहुण्यांना हे शहर हिंडवून दाखवणं हा माझा व्यवसाय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट निघण्याआधीच ध्यानात ठेवा. या शहरात जिथे दगडाचं काम देखणं आहे, तिथे बहुतेक वेळा फारसं काही घडलेलं नसतं, आणि जिथे खरोखर माणसं मेली, तिथे बघण्यासारखं जवळपास काही नाही. त्यामुळे कुठेही गेलात की आधी एवढंच विचारा: इथे कोणाला पुरलंय, इथे कोणाला जाळलंय, की दुसरीकडे गेलेल्या माणसाची इथे नुसती आठवण बांधलीय? याचं उत्तर मिळालं की निम्मा इतिहास हाती लागतो. पुण्याहून येणारे लोक स्टेशनवर उतरल्या उतरल्या महादजींची छत्री कुठे म्हणून विचारतात. महादजी शिंदे 12 फेब्रुवारी 1794 ला वानवडीला गेले आणि त्यांची छत्रीही तिथेच आहे, म्हणजे तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. ती बघितली नसेल तर आधी ती बघून या.

इथली सुरुवात गडापासून करा, आणि सकाळी करा. मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल सगळे बघतात. बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशीची पट्टी, पिवळी बदकं, हत्ती, केळीची झाडं. पंधराव्या शतकाच्या शेवटी गाण्याबजावण्याच्या शौकीन राजाने हौसेने बांधलेलं घर ते. त्याच घराखाली दोन मजले जमिनीत उतरतात. तोमरांच्या काळात ते उन्हाळ्यात गारव्याला बसायचे दिवाणखाने होते. 1558 मध्ये गड अकबराकडे गेला आणि पुढे मोगलांनी याच मजल्यांचा, याच गडाचा उपयोग राजघराण्यातल्या नकोशा माणसांसाठी केला. शहाजाद्याला दिल्लीत मारलं तर बोभाटा होतो. ग्वाल्हेरला पाठवलं की हळूहळू लोक विसरतात.

जिना अरुंद आहे, वाकून उतरावं लागतं. खाली गेलं की आधी वाघळांचा तो उग्र वास नाकात शिरतो आणि मग डोळे सरावतात. गोल दालन, भोवती खांबांची ओळ, वरून तिरपा उजेड आणणारे झरोके. मोबाइलची बत्ती छताकडे धरा, लोखंडी कड्या दिसतील. इथे गाइडचा आवाज एकदम खाली येतो आणि तो सांगतो की या कड्यांना कैद्यांना लटकवत. तुम्ही कडी नीट बघा, मग दालनाची मांडणी बघा. कडी मधोमध, मोकळ्या जागेच्या डोक्यावर, ऐसपैस झोका जाईल अशा बेताने बसवलेली आहे. झोपाळ्याची कडी आहे ती. श्रावणात राण्या झुलायच्या. पुढे कैदखाना झाल्यावर तिचा काय काय उपयोग झाला असेल तो असो, पण जी खोली झोक्यासाठी बांधली तिचाच तुरुंग झाला, हे मला फासाच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

आणि भीतीच हवी असेल तर त्यासाठी कड्यांची गरजच नाही. इथे जे खरंच चालायचं त्याचं नाव पोस्त. खसखशीची बोंडं ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी पेलाभर कैद्यासमोर ठेवायचं. ते पोटात गेल्याशिवाय खायला काही मिळत नाही. रोज एक पेला. माणूस आधी सुकतो, मग सुस्त होतो, मग बुद्धी जाते आणि काही महिन्यांनी जीव. तलवार नाही, रक्त नाही, कोणाच्या हातून खून झाला असंही नाही. बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य त्या काळात दिल्लीच्या दरबारात होता. दारा शुकोहचा मोठा मुलगा सुलेमान शुकोह याला साखळ्या घालून औरंगजेबासमोर उभं केलं, तो प्रसंग त्याने स्वतः पाहून लिहिलाय. सुलेमानने एवढंच मागितलं की पोस्त पाजू नका, त्यापेक्षा इथेच मारून टाका. चुलत्याने सगळ्यांदेखत शब्द दिला की पाजणार नाही. 1661 च्या जानेवारीतली ही गोष्ट. सुलेमानला ग्वाल्हेरला आणलं, पोस्त सुरू झालं, आणि 1662 च्या मे महिन्यात तो याच गडावर मेला. वय जेमतेम सत्तावीस.

त्याच गडावर औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुरादबक्षही होता. त्याच्या बाबतीत पद्धत वेगळी, अगदी कायदेशीर. गुजरातचा सुभेदार असताना मुरादने 1657 मध्ये आपला दिवाण अली नकी याला रागाच्या भरात मारलं होतं. औरंगजेबाने त्या दिवाणाच्या मुलांना बापाच्या खुनाचा बदला मागण्याची सोय करून दिली. थोरल्याने नकार दिला, दुसऱ्याने मागितला. काझीने निवाडा दिला आणि 1661 च्या डिसेंबरात गडावर मुरादची मान उडवली. त्याआधी एकदा तो निसटायच्या बेतात होता. तटावरून दोराची शिडी सोडून झाली होती, पण जाण्याआधी आवडत्या दासीचा निरोप घ्यायला गेला आणि तिने असा हंबरडा फोडला की पहारेकरी जागे झाले. तवारिखांत ही गोष्ट आलीय. मला तरी ती खोटी वाटत नाही, कारण असं कोणी मुद्दाम रचत नाही.

दाराचा धाकटा मुलगा सिपिहर शुकोह मात्र याच गडावर वर्षानुवर्षं राहून जिवंत सुटला आणि 1673 मध्ये औरंगजेबाचा जावई झाला. बापाला आणि भावाला ज्याने मारवलं त्याचाच जावई. हे तळघरात उभं राहून आठवा.

मुराद अमुक खोलीत होता, सुलेमान तमुक कोनाड्यात, असं छातीठोकपणे सांगणारा गाइड भेटेलच. त्याला चहा पाजा, पण त्याचं म्हणणं वहीत लिहून घेऊ नका. दोघांच्या नावाचा मकबरा गडावर नाही. वर आल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात जा. जहांगीराने गुरु हरगोविंदांना याच गडावर ठेवलं होतं आणि सुटताना त्यांनी बावन्न राजांना आपल्या अंगरख्याला धरून बाहेर काढलं, अशी शीख परंपरा आहे. गडावरून सुटलेल्यांची आठवण जपणारी गडावरची हीच एक जागा. शिवाय लंगर मिळतो, आणि तळघरानंतर पोटात काहीतरी गरम जायला हवंच.

मानमंदिराच्या उत्तरेकडे जहांगीर महाल, शाहजहान महाल, कर्ण महाल यांची रांग आहे. त्या आवाराचं तिकीट वेगळं काढावं लागतं, म्हणून बहुतेक पर्यटक तिथे जातच नाहीत. जौहर कुंड त्याच आवारात आहे. बघायला गेलात तर एक तळं, काठाला उतरत्या पायऱ्या, पाण्यावर शेवाळ. 1232 मध्ये अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर इल्तुतमिशने गड घेतला तेव्हा प्रतिहार राजघराण्यातल्या बायकांनी इथे अग्नी जवळ केला, अशी ख्याती आहे. एवढं सांगून ठेवतो की ही कथा ज्या काव्यात येते ते शाहजहानच्या काळातलं, म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी लिहिलेलं आहे. वेढ्याच्या वेळी मिन्हाज हा इतिहासकार सुलतानाच्या छावणीत हजर होता आणि पुढे तो ग्वाल्हेरचा काझी झाला. तो लिहितो की राजा रात्री निसटला आणि पकडलेल्या शेकडो लोकांना सुलतानाच्या तंबूसमोर मारलं. जौहराचा उल्लेख तो करत नाही. म्हणून जौहर झालाच नाही असं मी म्हणणार नाही, आतल्या बायकांचं काय झालं हे बाहेरच्या तंबूतून त्याला दिसणारही नव्हतं. पण त्या तंबूसमोर मेलेल्या शेकड्यांसाठी साधी पाटी नाही आणि कुंड मात्र प्रसिद्ध आहे. दोन्ही गोष्टी बरोबर घेऊनच खाली उतरा.

दुपारी उतरून फूलबागेत या. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर घोड्यावरचा पुतळा आहे, बाग आहे, शाळेच्या सहली असतात. ही देह जाळल्याची जागा. लढाई कोटा की सरायला झाली, ती शहराच्या बाहेर. इंग्रजी कागदांत तारीख 17 जून 1858 आहे, इथे 18 जूनला पुण्यतिथी पाळतात आणि त्या सुमारास बलिदान मेळा भरतो. पुतळ्यासमोर फोटो काढून झाला की दोन ठिकाणं बघायची राहू देऊ नका, पाहुणे नेमकी तीच सोडतात. एक, स्वर्णरेखा नाला. घोडा अडला म्हणतात तो हाच. आता सिमेंटने बांधलेला, काठाने रहदारी, उन्हाळ्यात वास. सुंदर अजिबात नाही, पण नकाशात गड, फूलबाग आणि नाला एका दृष्टीत घेतलेत की त्या दिवशीची धावपळ कळते. दुसरं, जवळच असलेली गंगादासांची बडी शाळा. जखमी राणींना इथे आणलं आणि देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून बाबा गंगादासांनी घाईघाईत, झोपडीचं गवतलाकूड वापरून चिता रचली, असं मठात सांगतात. इंग्रजांना थोपवताना 745 साधू मारले गेले हा आकडाही मठाच्याच परंपरेतला. त्यांच्या समाध्या, जुनी शस्त्रं, तेवता दिवा असं सगळं तिथे आहे. मठ नांदता आहे. चपला बाहेर काढा, महाराज असतील तर नमस्कार करा, मग विचारा. पुतळ्यासमोर जी गोष्ट दोन वाक्यांत उरकते ती इथे अर्धा तास चालते.

इथल्या मराठी माणसासाठी ही जागा जराशी अवघड आहे. 1 जून 1858 ला मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांचं सैन्य बंडवाल्यांना मिळालं आणि महाराज आग्र्याला इंग्रजांकडे गेले. आमच्यातल्या कित्येक घरांचे पूर्वज तेव्हा महाराजांच्या चाकरीत होते. लग्नघरात हा विषय काढणार असाल तर जेवणं उरकल्यावर काढा.

संध्याकाळी सराफ्यात जा. गड 20 जूनला इंग्रजांच्या हाती आला आणि 22 जूनला अमरचंद बांठियांना याच सराफ्यात कडुनिंबाच्या झाडाला टांगलं. ते शिंद्यांच्या खजिन्याचे खजिनदार होते आणि राणींच्या फौजेला पगारासाठी पैसा दिला हा त्यांचा गुन्हा. दहशत बसावी म्हणून प्रेत तसंच लटकत ठेवलं होतं. त्यांचा पुतळा तिथे आहे, भोवती सोन्याचांदीची दुकानं आणि लग्नसराईची गर्दी. सून बघायला आलेल्या बायका त्या पुतळ्याला वळसा घालून मंगळसूत्रं निवडतात. तुम्हालाही घरच्यांबरोबर खरेदीला यावं लागेलच, तेव्हा वेगळी फेरी नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंद्यांच्या छत्र्या. जुन्या छत्र्या लश्करात छत्री बाजारात आहेत. 1843 मध्ये गेलेले जनकोजीराव, 1886 मध्ये गेलेले जयाजीराव. जयाजीरावांच्या छत्रीवरचं पिवळसर दगडातलं कोरीवकाम बघायला वेळ काढा. कमान इस्लामी वळणाची, खांब देवळातले आणि मधेच एखादी वेलबुट्टी थेट विलायती. विजयाराजे आणि माधवराव, दोघंही 2001 मध्ये गेले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते कटोरा तालाजवळच्या छत्री आवारात. ते घराणं आजही तिथे येतं, त्यामुळे ती जागा एखाद्याच्या घरच्या देवघरासारखी समजून वागा.

सासूबाईंचा प्रश्न इथे सुटतो. छत्रीत पिंड असते, नंदी असतो, रोज पूजा होते. ते देवदर्शनच. दर्ग्यात (त्याबद्दल पुढे येतंच) लोक नवस फेडायला जातात. राणींच्या समाधीला तर कोणी अशुभ म्हणणार नाही. सुतक, आंघोळ हे सगळं चालत्या स्मशानाचं, आणि लक्ष्मीगंजच्या मुक्तिधामात तुम्ही तसंही जाऊ नये. तिथे रोज कोणाच्या तरी घरचं माणूस येतं आणि आपण त्यात कोणीही नसतो. शहरात कुठेही समोर चिता दिसली तर मोबाइल खिशात, एवढा एक नियम पाळा.

फोटोंबद्दल आणखी थोडं. इमारतीचा फोटो काढायला कोणाची हरकत नसते. पूजा चालू असताना पुजाऱ्याला विचारा. दर्ग्यात मजारीसमोर पाठ करून सेल्फी घेऊ नका, तो तिथला सगळ्यात मोठा अपमान आहे. कबरीच्या कठड्यावर बसू नका, बॅगही ठेवू नका.

तो दर्गा म्हणजे हजिरा भागातला मोहम्मद गौस यांचा मकबरा. हे सूफी संत 1563 मध्ये गेले, मकबरा अकबराच्या काळातला. चौकोनी इमारत, चार कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज आणि चारही बाजूंनी दगडी जाळ्या. घुमटावर एके काळी निळी फरशी होती. जाळ्यांसाठी ऊन पडलेलं असताना जा. आत उभं राहिलं की जमिनीवर नक्षी पडते आणि ऊन सरकेल तशी मजारीकडे चढत जाते. जाळीच्या भोकांत नवसाचे दोरे आहेत, जुन्या दोऱ्यांचा रंग धुळीने दगडाशी एकरूप झालाय. बाजूच्याच आवारात तानसेनाची कबर, साधी, उघड्या चौथऱ्यावर खांबांच्या छपराखाली. शेजारच्या चिंचेचा पाला चावला की आवाज खुलतो म्हणून गाणाऱ्यांनी मूळ झाड पार बोडकं करून टाकलं होतं, आत्ताचं झाड नंतरचं. पाला तोडू नका, आवाज रियाजानेच खुलतो. डिसेंबरात आलात तर तानसेन समारोहाची सकाळ चुकवू नका. या कबरीपाशी आधी ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा होते आणि मग मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती. आमच्या नाथपंथी मराठी कीर्तनकाराची गादी मुसलमान गवयाच्या कबरीसमोर कीर्तन करते, आणि इथे कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

मुरार छावणीच्या बाजूला गोऱ्यांच्या जुन्या कबरी आहेत. छावणीचा भाग आहे, त्यामुळे सरळ घुसू नका. चर्चमध्ये विचारून, कोणाला तरी बरोबर घेऊन जा. अशा दफनभूमीत मोठ्या साहेबांचे खांब सोडा आणि लहान शिळा वाचा. वय, महिना, कारण. मे-जून आणि पावसाळ्याचे महिने किती वेळा येतात ते मोजा, बाई आणि तान्हं बाळ एकाच आठवड्यात गेलेलं किती ठिकाणी दिसतं ते बघा. पटकी, ताप, बाळंतपण यांनी लढायांपेक्षा जास्त गोरे गिळले. अक्षरं पुसट असतील तर खडू घासू नका, पाणी ओतू नका, शेवाळ तर नखाने अजिबात खरवडू नका, दगडाचा पापुद्रा निघतो. मोबाइलची बत्ती शिळेच्या कडेला टेकवून तिरपी धरा. सावलीने अक्षरं उठतात, तेवढ्यात फोटो घ्या. गावाकडच्या वाटेवर एखाद्या शिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात आणि वर सूर्यचंद्र दिसले तर ती सतीशिळा. या भागात त्या शेताच्या बांधावर, झाडाखाली अजून उभ्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी शेंदूर लागून देवी झालेल्या असतात.

लग्नानंतर एक दिवस वाढवता आला तर शिवपुरीला जा, रस्ता साधारण सव्वाशे किलोमीटरच्या आतला. तिथे एकाच गावात दोन मरणं आहेत. माधवराव शिंदे (2001 मध्ये गेलेल्या माधवरावांचे आजोबा) 1925 मध्ये पॅरिसला वारले, आणि त्यांची पांढऱ्या संगमरवराची छत्री शिवपुरीत आहे, तळ्यापलीकडे समोर आईची, सख्याराजेंची छत्री. नक्षीत रंगीत खडे जडवलेले. मूर्तींना आजही वेळच्या वेळी पोशाख, नैवेद्य, संध्याकाळी गाणं. आणि गावात दुसरीकडे तात्या टोप्यांना 18 एप्रिल 1859 ला फाशी दिली ती जागा, पुतळा आणि भोवती मोकळं आवार. आधी तात्यांकडे जा, उजेड असताना. छत्र्यांचं आवार संध्याकाळी पूजेच्या वेळेला गाठा. परतीचा घाट आणि जंगलाचा रस्ता अंधारात सुस्त जातो, तेव्हा गाडीवाल्याला निघतानाच सांगून ठेवा की आठच्या आत शिवपुरी सोडायची. रात्री भूत दाखवतो म्हणून गडाखाली कोणी भेटला, तर त्याला नाही म्हणा. गडाचे दरवाजे संध्याकाळी बंद होतात आणि मागच्या वाटेने नेणाऱ्याबरोबर पडलात तर हाडवैद्याशिवाय दुसरं काही बघायला मिळणार नाही. पायात बूट घाला, मानमंदिरासाठी बत्तीचं चार्जिंग पूर्ण ठेवा, आणि दोन्ही दिवस सकाळी सातला घराबाहेर पडा, म्हणजे हळदीच्या वेळेला परत याल.